स्वच्छ हातांची सही

पेन हातात होतं आणि सही होत नव्हती. घडलं ते एवढंच. त्या खोलीतल्या कुणालाही विचारा, यापलीकडे काही झालं असं तो सांगणार नाही. जेवणाच्या खोलीतली टेबलं भिंतीकडे सरकवलेली, मधे दोन खुर्च्या, एका खुर्चीवर नर्सबाई, तिच्या पायाशी बर्फाची निळी पेटी, आणि आम्ही लिफ्ट दुरुस्त करणारे चौदा बाप्ये एकेक बाही खांद्यापर्यंत गुंडाळून रांगेत. वयं तिशीपासून साठीपर्यंत, पण चेहरे सगळ्यांचे शाळेत नखं तपासायला उभं केल्यासारखे. फ्लूची लस, दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी कंपनी देते. यादी हातोहात मागे येत होती. माझ्यापुढे वंगण होता. वंगण म्हणजे माझा कामातला जोडीदार. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असेल. अडलेला माणूस त्याच्या जिभेने हलतो म्हणून आमच्यात तो वंगण. त्याने आपली सही ओढली, यादी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "टाक उरकून. मग हात काळे होतात." हे वाक्य मी एकोणतीस वर्षं ऐकतोय, स्वतःही हजारदा म्हटलंय. त्या सकाळी ते ऐकलं आणि पेन कागदावर टेकेना.

आमच्या धंद्यातली ही रीत बाहेरच्याला विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. लिफ्टच्या तपासणीची एक वही असते. ब्रेक, दोर, दरवाज्याचं कुलूप, तळाच्या खड्ड्यातल्या स्प्रिंगा, अशा सोळा गोष्टी आणि प्रत्येकीपुढे सहीचा चौकोन. आधी काम करायचं आणि मग सही, असं ती वही छापणाऱ्याला वाटतं, कारण त्या गृहस्थाने जन्मात कधी दोराला हात लावलेला नाही. दोराला हात लावला की ग्रीस कोपरापर्यंत येतं आणि नखांतून दोन दिवस जात नाही. त्या हातांनी वही धरली की पान बरबटतं आणि साहेब विचारतात, ही वही आहे की पायपुसणं. म्हणून माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, सकाळी हात स्वच्छ असताना सोळाच्या सोळा सह्या करून मोकळा हो, आणि मग दिवसभर त्या सह्यांना जाग. मी जागलो. घरी जायला निघालेला परत फिरलोय एकेका ब्रेकपट्टीसाठी, वंगणाच्या शिव्या खात. सही आहे आणि काम नाही असं माझ्या हातून एकदाच झालं, आणि ते लिफ्टच्या बाबतीत नव्हतं.

गेल्या वर्षी हीच यादी वहीबरोबर सकाळीच फिरली होती. नर्सबाई यायच्या होत्या अकराला. मी वहीतल्या सोळा सह्या केल्या आणि त्याच ओघात यादीवरही केली, सतरावी. 'लस दिली' असं वर छापलेलं होतं, त्याच्याखाली माझं नाव, त्याच्यापुढे माझी वळणदार सही. साडेदहाला फोन आला, एका कचेरीत सहाव्या आणि सातव्या मजल्यामधे लिफ्ट अडकली, आत चार माणसं. तिथे गेलो. माणसं वीस मिनिटांत बाहेर काढली, पण दोष सापडेना. एका बाईने बाहेर आल्यावर माझा काळा हात दोन्ही हातांत धरला होता, तिची पांढरी बाही खराब झाली तरी सोडला नाही, ते अजून आठवतं. परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. टेबलं जागेवर आलेली, नर्सबाई गेलेल्या. मला काही विशेष वाटलं नाही. सही झालीय म्हणजे काम होणारच, उद्या आपल्या डॉक्टरांकडे जाऊन घेऊ. माझ्या डोक्यात ती गोष्ट अर्धी नव्हतीच, झालेल्या गोष्टींच्या कप्प्यात पडली होती. त्यामुळे संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "घेतलीत का हो?" तेव्हा मी "हो" म्हणालो, आणि आजही सांगतो, ते म्हणताना मला आपण खोटं बोलतोय असं वाटलं नाही. खोटं त्याच्या पुढच्या आठवड्यात झालं. तिच्या डॉक्टरांकडची लस संपली होती, आणखी काही दिवसांनी या म्हणाले. घरी येऊन ती म्हणाली, "जाऊ दे, मला कसली घाई. मी कुठे जाते बाहेर? घरात काही आणलं तर तुम्हीच आणणार, आणि तुम्ही तर घेतलीय." मी खिडकीपाशी पायाची नखं कापत बसलो होतो. त्या वेळी मान वर करून सांगायला हवं होतं. मी "हं" म्हणालो. नख उडून कपाटाखाली गेलं, ते शोधत राहिलो.

माझी बायको बोलते. बोलायची. आमचं लग्न झालं तेव्हा माझी आत्या म्हणाली होती, हा मुखदुर्बळ आणि ही अशी, बरं झालं, सरासरी माणसांसारखी येईल. तिला वाचता येईल ते सगळं ती मोठ्याने वाचायची. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, दुसऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र. एक गोष्ट सांगायला घेतली की तिच्यात तीन गोष्टी शिरायच्या, त्या तिन्ही ती वाटेत सोडायची नाही, सगळ्यांना आपापल्या घरी पोचवून मग मूळ जागी परत यायची. दमा तिला लहानपणापासूनचा, पण बोलण्यावर त्याचा वचक असा कधी नव्हता. "अगं मधे श्वास तरी घे," हे मी तीस वर्षं म्हणत आलो. पाहुण्यांसमोर म्हणालो, मुलीच्या लग्नात म्हणालो. लोक हसायचे, तीही हसायची आणि श्वास न घेता पुढे जायची. आता मला ते म्हणता येत नाही. गेल्या वर्षी आधी मला ताप आला, कणकण, अंग ठेचल्यासारखं; पाच दिवसांत मी उठलो, तोंडाची चव गेली म्हणून कुरकुर करत हिंडायला लागलो. तिला माझ्यामागून तिसऱ्या दिवशी आला आणि तो छातीत उतरला. तेरा दिवस रुग्णालयात होती, त्यातले सहा तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. मी स्टुलावर बसून त्या मुखवट्यावर धरणारी आणि विरणारी वाफ बघायचो. वाफ धरली की बरं, विरली की पुन्हा धरेपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. ती बोलत नव्हती. त्या खोलीइतकी शांत खोली मी आयुष्यात पाहिलेली नाही आणि मला ती नको आहे.

ती परत आली, देवाची कृपा म्हणा, औषधांची म्हणा. पण वाक्य आता तिला एका दमात पुरत नाही. "तो वरचा डबा जरा..." असं म्हणून ती थांबते, आणि मी हात वर करून उभा राहतो, डबा काढायचाय की सरकवायचाय की उघडायचाय हे यायची वाट बघत. पूर्वी मी तिच्या बोलण्यातलं निम्मं ऐकायचो नाही. आता एकेका शब्दासाठी ताटकळतो. त्यात तिचा स्वभाव असा की ती त्याचीही गंमत करते. "बघा," म्हणते, "तुम्हाला शेवटी... ऐकायला लावलंच." मी हसतो. मग मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभा राहतो. कारण तिला वाटतं हे सगळं नशिबाने झालं. माझ्यावर तिचा एवढाही संशय नाही. असता तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी माझ्याकडे रागाने बघतंय असं वाटलं असतं.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित तोंड शिवून बसलोही असतो, माझी खात्री नाही. पण या वर्षी डॉक्टरांनी तिला बजावलं, थंडीच्या आत लस घ्याच, तुमच्या छातीला आणखी एक तडाखा झेपायचा नाही. मुलगी रोज फोन करून डोकं खाते. आणि बायको नाही म्हणते. शांतपणे, पुराव्यानिशी नाही म्हणते. पुरावा मी. "आमच्या ह्यांनी घेतली होती की. तरी यांनाच आधी झाला... आणि मला यांच्याकडून. मग ती टोचून घेऊन... मिळवायचं काय?" हे तिने डॉक्टरांना ऐकवलं, मुलीला ऐकवलं, तळमजल्यावरच्या आजींना ऐकवलं. आजींचं वय ब्याऐंशी, त्यांनी लगेच कानाला खडा लावला, आपण नाही घ्यायची. जिन्यात भेटल्या की माझ्याकडे बघून मान हलवतात, बिचारा, फसला. म्हणजे माझी ती एक सही आता एकटी राहिलेली नाही, ती जिना चढ-उतर करते, घरोघर जाते. मी आठवडाभर सांगून पाहिलं, अगं घे, सगळे सांगतात तर घे. ती म्हणाली, "तुम्हाला माझी काळजी वाटते... ते कळतं मला." आणि माझ्या गालावरचं काहीतरी पुसलं, जे तिथे नव्हतं.

तर ही यादी हातात, पेन हातात, आणि नर्सबाईंच्या गुडघ्यावरच्या फाइलीत खाली गेल्या वर्षीचं पान, त्याचा कोपरा बाहेर आलेला. "झोप लागली का?" वंगणाने विचारलं. मी म्हणालो, "टोचल्यावर करतो." रांगेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, आता हा काम करून सही करणार, निवृत्त व्हायची वेळ आली याची. मी यादी तशीच पुढे नेली आणि खुर्चीवर बसलो. नर्सबाई माझ्या मुलीच्या वयाची असेल. पान उलटून म्हणाली, "काका, गेल्या वर्षी घेतली होती. काही त्रास वगैरे झाला होता?" हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, दोन्हीकडून तेच खोटं पुढे चालणार होतं. "घेतली नव्हती," मी म्हणालो. ती म्हणाली, "सही आहे तुमची." मी म्हणालो, "सहीच आहे फक्त." तिने माझ्याकडे पाहिलं, वंगणाकडे पाहिलं. तो एकाएकी छताचं निरीक्षण करू लागला. मग ती दंड पुसू लागली. पुसताना सांगत होती, हा आजार दर वर्षी कपडे बदलून येतो, म्हणून लसही दर वर्षी नवी. अंगात भिनायला दोन आठवडे लागतात. घरात म्हातारं माणूस, छातीचं दुखणं असेल तर त्यांनी आधी घ्यायची आणि त्यांच्याजवळ राहणाऱ्यांनीही. सुई आत गेली तेव्हा मी विचारलं, वर्षभर जे कुणालाच विचारलं नव्हतं ते, की माझी बायको तेरा दिवस रुग्णालयात होती, मी घेतली असती तर ते टळलं असतं का. नर्सबाईने कापूस धरला. "कुणीच सांगू शकत नाही, काका. घेऊनही होतो काहींना. बहुतेकांना बेताचा होतो." थोडं थांबून म्हणाली, "त्यांनी घेतली का या वर्षी?" मी नाही म्हणालो. तिने यादी माझ्यापुढे सरकवली. मी सही केली, एकच, दुसऱ्या हाताने दंडावरचा कापूस दाबून, आणि ती वेडीवाकडी आली.

दुपारभर एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होतो. तिथे मोटर सुरू झाली की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्हा दोघांचं एकवीस वर्षं छान जमलंय. पण त्या दिवशी मोटर बंद असताना वंगण म्हणाला, "मीही तुझ्याबरोबर होतो गेल्या वर्षी, त्या अडकलेल्या लिफ्टवर. माझीही सही होती." मी म्हणालो, "मग?" तो म्हणाला, "मग काही नाही. मला झाला नाही." तो दोराची तार बोटाने चाचपत होता, तुटका धागा लागतो का बघत. "नशीब एकेकाचं," म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो तरी काय करणार, एकाच उस्तादाचे चेले आम्ही. मी विचार करत होतो की कसं सांगायचं. सरळ सांगायचं की आधी डॉक्टरांवरून सुरुवात करायची. मुलीला सांगून तिच्याकडून कळवावं असंही मनात आलं, त्याची लाज वाटली. ती घर सोडून जाईल असं काही नव्हतं, या वयात कुठे जाणार, आणि माझी औषधं कुठे ठेवलीत ते मलाच माहीत नाही. भीती वेगळीच होती. आजारपणानंतर ती माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघते, हा माणूस तेरा दिवस स्टुलावर बसला होता, अशा नजरेने. आयुष्यात माझ्याकडे तसं कुणी पाहिलेलं नाही. ती नजर जाणार होती.

घरी पोचलो तेव्हा ती वाळलेले कपडे घड्या करत होती. मला बघून चादरीची दोन टोकं पुढे केली. मोठी चादर एकट्याने होत नाही. आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहिलो, चादर ताणली, झटकली. मी म्हणालो, "मी गेल्या वर्षी लस घेतली नव्हती." चादर ताणलेलीच होती. मी सगळं सांगितलं, सही, सहावा मजला, चार वाजता रिकामी खोली, नखं कापतानाचं ते 'हं'. एवढं सलग मी आमच्या संसारात कधी बोललो नव्हतो, आणि ती मधे एकदाही बोलली नाही. मग ती आपली टोकं घेऊन माझ्याकडे चालत आली, जसं घडी घालताना यायचंच असतं, माझ्या हातातली टोकं घेतली, आणि तेवढ्या जवळून म्हणाली, "म्हणजे मी तेरा दिवस..." मी थांबलो. नेहमीप्रमाणे उरलेलं वाक्य यायची वाट बघत थांबलो. ते आलं नाही. तिने चादर चौपट केली, कपाटात ठेवली, कपाट लावलं. डोळे पुसले, पदर पुन्हा खांद्यावर नीट घेतला. मला म्हणायचं होतं, शिव्या दे, काहीही बोल. भिंतीकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही तिथे बसला होतात... रोज... माझ्यापाशी. तेव्हाही माहीत होतं तुम्हाला." हो म्हणालो. ती म्हणाली, "दवाखाना कितीपर्यंत असतो?" साडेसात, मी म्हणालो. ती चपला घालू लागली.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, लिफ्टवाल्याच्या घरी नसतेच. रोज उतरताना ती माझा दंड धरते. त्या दिवशी कठडा धरला. मी एक पायरी मागून, ती मधल्या जागेवर दम घ्यायला थांबली की मीही थांबत. तळमजल्यावर तिने आजींचं दार वाजवलं. आजी बाहेर आल्या. "मी तुम्हाला सांगितलं होतं ना... ह्यांनी घेतली होती म्हणून," ती म्हणाली. "घेतलीच नव्हती. तुम्ही उद्या जा. मी येते बरोबर." आजींनी माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश, आणि दार लावलं. मला ते बरोबर वाटलं. रस्त्याने ती पुढे चालत होती. दुकानांच्या पाट्या लागत होत्या, एकही वाचली नाही. रस्ता ओलांडताना मी सवयीने हात पुढे केला आणि तो तसाच परत घेतला. दिवेलागण झाली होती, लोक घरी चालले होते, खोकत, फोनवर बोलत, आणि मला त्या प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारावंसं वाटत होतं, तुम्ही घेतली का, खरंच घेतली का, घरी कोण आहे तुमच्या.

दवाखान्यात गर्दी नव्हती. तिथल्या पोक्त नर्सबाई तिला ओळखतात. त्यांना आनंद झाला, "आलात शेवटी," म्हणाल्या. तिची बाही वर केली, दंड पुसला, सुई भरता भरता सवयीने विचारलं, "आणि यांनी घेतली का?" माझ्या तोंडून हो निघणार होतं. हे या वेळी खरं होतं. पण बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं, घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा, आणि म्हणाली, "दाखवा."

नर्सबाई सुई हातात धरून थांबल्या. बाकावर दोन माणसं बसलेली होती, तीही बघू लागली. मी शर्टाची गुंडी काढली, बाही खांद्यापर्यंत ओढली, तिच्यासमोर वाकून दंड पुढे केला. सकाळची गोल चिकटपट्टी होती, एका बाजूने सुटलेली, ग्रीसचा डाग पडलेली. तिने ती नखाने सोलून काढली. खालचा लाल ठिपका जवळ जाऊन पाहिला, जसं ती पूर्वी बाटलीवरची बारीक अक्षरं बघायची. मग त्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. बेताने नाही, चांगला जोर लावून.

"दुखतंय?"

"हो," मी म्हणालो.

"दुखू दे." तिने आपला पुसलेला दंड नर्सबाईंपुढे केला. "टोचा तुम्ही," म्हणाली, आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत, त्यावर कापूस बसेपर्यंत, माझ्या दंडावरचा अंगठा तिने काढला नाही.